मामीची अरण

दिवाळी जवळ आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हमखास असतो. बटाट्याच्या चिवड्याचा कीस तळायला घेतला, तेल चांगले, कढई चांगली, आचही बेताची. तरी कीस पिवळसर न राहता तांबूस-काळपट का झाला? यंदा एका मैत्रिणीने लिहिले आहे, "सासूबाई म्हणतात, तुझ्या हातालाच गुण नाही. आता तुम्हीच काय तो निकाल द्या."

निकाल सुनेच्या बाजूने आहे. दोष हाताचा नाही. बटाटा जिथे राहून आला, त्या जागेचा आहे. बटाटा फार थंडीत राहिला, मग ती घरच्या फ्रिजची थंडी असो की शीतगृहाची, की त्याच्यातल्या पिठाची हळूहळू साखर होऊ लागते. अशा बटाट्याची भाजी जरा गोडसर लागते आणि कीस तळायला घेतला की ती साखर करपते. सासूबाईंनी स्वतः तळला असता तरी तो तसाच झाला असता.

यावर उपाय आहे, तो शेवटी सांगते. पण आधी एक गोष्ट सांगायची आहे. बटाटा म्हणजे काही खडा नव्हे, की टोपलीत टाकला आणि विसरून गेलो. तो जिवंत असतो. तो श्वास घेतो, झोपतो, जागा होतो, रुसतो आणि मनात आणले तर शेजारच्यालाही घेऊन सडतो. हे मी कोणत्या पुस्तकात शिकले नाही. माझ्या मामीच्या अरणीजवळ शिकले, आणि त्या शिकवणीची किंमत दुसऱ्यांनी भरली. इतक्या वर्षांत ही गोष्ट मी कुठे लिहिली नव्हती.

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने निघाले की चाकण मागे पडते, राजगुरुनगर मागे पडते आणि खेडचा घाट लागतो. घाट चढून वर आले की पेठचा परिसर येतो. तिथून मंचरकडे उतरण्याआधी जो उंच सपाट मुलूख पसरलेला आहे, त्याला सातगाव पठार म्हणतात. आंबेगाव तालुक्यातले हे पठार बटाट्यासाठी नावाजलेले आहे. इथला मुख्य बटाटा पावसाळी. आषाढाच्या आगेमागे लावायचा आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास काढायचा. तुमच्या-आमच्या घरी दिवाळीला जो कोवळ्या सालीचा, नखाने सोलता येणारा नवा बटाटा येतो, त्यातला बराचसा असल्याच रानातून आलेला असतो.

माझ्या मामाचे शेत याच पठारावर. जमीन थोडी, पण कष्ट उदंड. उन्हाळ्यात रान नांगरून तापू द्यायचे. धनगराचा कळप दोन-चार रात्री रानात बसवायचा आणि त्याचा मोबदला धान्याने द्यायचा. लेंड्यांचे ते खत मामाला सोन्यासारखे वाटे. पहिला पाऊस होऊन वापसा आला की नांगराने सरी ओढायची आणि मागून मामी वीत-वीत अंतरावर बेणे टाकीत जायची. पावसाळ्यातले बेणे अख्खेच लावायचे, कोंबडीच्या अंड्याएवढे. कापलेले तुकडे ओल्या जमिनीत कुजतात. हिवाळी लागवडीला मात्र बटाटा कापला तरी चाले. प्रत्येक फोडीवर दोन डोळे हवेत आणि कापल्या अंगाला चुलीतली राख चोळलेली हवी.

महिन्याभराने खुरपणी करून बुंध्याशी माती चढवायची. तिला भर घालणे म्हणतात. बटाटा मुळाला लागतो अशी आपली समजूत असते, पण तो जमिनीखाली पसरणाऱ्या खोडाच्या टोकाला लागतो. वरची माती सरली आणि त्याला ऊन दिसले की तो हिरवा पडतो, कडवट होतो. मामी म्हणे, "बटाटा म्हंजी नवी नवरी. पदर ढळू द्यायचा न्हाई."

हे पीक आपल्याकडे तसे परके. त्याचे माहेर दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात. पोर्तुगीजांनी ते आपल्या किनाऱ्यावर आणले आणि आपण नावही त्यांचेच ठेवले. त्या नावाचीही गंमत आहे. 'बटाटा' हा शब्द मुळात रताळ्याचा; पोर्तुगीजांच्या तोंडून येताना तो या नव्या कंदाला चिकटला. असा हा सातासमुद्रापलीकडचा पाहुणा आपल्या एकादशीच्या ताटात जाऊन बसला, आणि इथला कांदा मात्र बाहेर राहिला!

अँडीजमधल्या लोकांनी बटाटा टिकवण्याची एक युक्ती फार पूर्वीच शोधली होती. रात्रीच्या हिमात तो गोठवायचा, दिवसाच्या उन्हात वाळवायचा, पायांनी तुडवून पाणी काढायचे. मग तो वर्षानुवर्षे टिकतो. आमच्या पठारावर हिम कुठले? इथे झगडा उन्हाशी. हिवाळी बटाटा फाल्गुनाच्या सुमारास निघतो आणि त्याचेच बेणे आषाढापर्यंत ठेवायचे, म्हणजे अख्खा वैशाख-वणवा पार करायचा. त्यासाठी जी रचना करीत, तिचे नाव अरण. कुणी ऐरणही म्हणतात.

मामीची अरण आंब्याच्या दाट सावलीत असे. आधी जमीन वीतभर खोल उकरायची, दोन-तीन संध्याकाळी पाणी शिंपून गार करायची आणि सुकू द्यायची. काढलेला बटाटा लगेच आत जात नसे. आठ-दहा दिवस तो सावलीत झाकून ठेवायचा, म्हणजे साल पक्की होते आणि बारीकसारीक खरचटलेले भरून येते. मग एकेक बटाटा हातात घेऊन निवडायचा. कुदळ लागलेला, चिरलेला, टवका उडालेला बाजूला. चांगल्यांचा ढीग कमरेच्या वर जाऊ द्यायचा नाही, नाहीतर खालचे दडपतात आणि ढिगाच्या पोटात ऊब धरते. ढिगावर कडुनिंबाचा आणि घाणेरीचा पाला, त्यावर हातभर जाड गवत आणि सरमाड.

घाणेरीचा पाला कशाला, असे मी विचारले होते. "पाकुळी येती," मामी म्हणाली. ही पाकोळी म्हणजे बटाट्याचा पतंग. १९०६ च्या सुमारास इटलीहून आलेल्या बेण्याबरोबर तो आपल्याकडे शिरला. त्याची अळी बटाटा आतून पोखरते. घाणेरीच्या उग्र वासाने हा पतंग दूर राहतो, हे पुढे शास्त्रज्ञांनीही मान्य केले. पुण्याच्या शेतकी कॉलेजात डॉ. हॅरल्ड मॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातल्या बटाट्याचा अभ्यास करून १९२० साली तो प्रसिद्ध केला होता, म्हणजे विद्वानांचे लक्षही या प्रश्नाकडे फार पूर्वीच गेले होते. मामीला त्यातले काही ठाऊक नव्हते. तिला वास ठाऊक होता.

रात्री जेवणे झाली की मामी अरणीच्या उत्तरेकडचे गवत बाजूला सारून तोंड उघडे आणि पहाटे, ऊन फुटायच्या आत, पुन्हा बुजवून टाकी. रात्रीचा गार वारा आत घ्यायचा, दिवसाची झळ बाहेर ठेवायची. एवढ्यावर तो ढीग चार महिने काढायचा. पहिले दोन-अडीच महिने बटाटा गाढ झोपलेला असतो, कितीही सोय केली तरी कोंब फुटत नाही. मग डोळे उघडू लागतात, आणि तेव्हा पाऊस दाराशी आलेला असतो. निसर्गाने हे वेळापत्रक जणू पठारासाठीच आखले असावे, असे मला वाटे.

आता त्या वर्षाची गोष्ट.

१९७२ चा पावसाळा पठारावर आला नाही म्हटले तरी चालेल. पावसाळी बटाटा जमिनीतच गेला. विहिरीच्या ओंजळभर पाण्यावर मामाने हिवाळ्यात अर्धा एकर कसाबसा पिकवला. त्यातला काही विकून धान्य आणले आणि सोळा पोती बेणे अरणीत घातले. एकरभर लावायला सहा ते आठ क्विंटल बेणे लागते. तेव्हा सोळा पोती म्हणजे पुढच्या पावसाळ्याचा एक एकर, आणि त्यावर वर्षभराची सगळी आशा. घरात रेशनचा तांबडा मिलो होता. मामा-मामी दोघेही रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जात.

अशात १९७३ च्या मे महिन्यात आईचे ऑपरेशन झाले आणि मला मामाकडे पाठवले. मी दहा वर्षांची, मामेभाऊ बारा वर्षांचा. त्याच सुमारास एक व्यापारी दारात आला. बेण्याचे भाव चढले होते. तो सांगेल ती किंमत द्यायला तयार होता. रात्री मामा कितीतरी वेळ ओसरीवर बसून होता. शेवटी म्हणाला, "देऊन टाकू का? पैसा हातात यील." मामी भाकरी थापीत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आन् आखाडात काय लावायचं? धोंडं?" विषय संपला.

आम्हा पोरांना मात्र दुपारी भूक लागे. मिलोची भाकरी माझ्या घशाखाली उतरत नसे. एके दुपारी मामेभाऊ म्हणाला, "चल, गंमत दावतो." अरणीच्या पश्चिमेला निवडुंगाचे कुंपण होते, तिकडे कुणी जात नसे. तिथून आम्ही गवतात हात घातला आणि चार बटाटे ओढून काढले. वरचे दोन-चार गडगडून खाली आले, ते तसेच आत कोंबले. कुंपणाआड शेणीच्या निखाऱ्यात बटाटे भाजले आणि मिठाशी खाल्ले. त्यानंतर मी पुष्कळ ठिकाणी पुष्कळ पदार्थ खाल्ले, पण ती चव पुन्हा मिळाली नाही.

चार दुपारी हे चालले. चौथ्या दुपारी कामावरची माणसे लवकर परतली. वाटेवर बोलण्याचा आवाज आला तसे आम्ही हातातले टाकून पळालो. भोक तसेच राहिले. मग भीतीने आठ-दहा दिवस आम्ही तिकडे फिरकलोच नाही.

मामी रोज रात्री उत्तरेचे तोंड उघडीत होती, पहाटे बुजवीत होती. पश्चिमेची दुपारची झळ रोज आत जात होती, हे तिला कसे कळावे? आम्ही ओढाताणीत खरचटवलेले बटाटे आत होतेच. जखम आणि ऊब एकत्र आली की बटाट्याला सड लागते. एकाचे पाणी दुसऱ्यावर गळते आणि दुसराही जातो. त्यात पाकोळीलाही वाट मोकळी.

एका संध्याकाळी मामी अरणीजवळ थबकली. तिने नुसता वास घेतला आणि हातातली घागर खाली ठेवली. मामाने पश्चिमेचे गवत ओढले तर आतून घाण पाणी ओघळले. तो मटकन खाली बसला. "उन्हानं गेलं," तो म्हणाला. "जागाच चुकली माझी. आंब्याची सावली दुपारी सरकती, हे माझ्या ध्यानात कसं आलं न्हाई?"

मामी कुंपणापर्यंत जाऊन आली. तिथे राख होती, जळक्या साली होत्या. परत आली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिले. मला वाटले, आता कानाखाली बसणार. ती म्हणाली, "ताई, कंदील धर."

रात्रभर आम्ही तो ढीग निवडला. मामीने तीन ढीग केले. एक ठेवायचा, एक लगेच खायचा, एक गावाबाहेर पुरायचा. बटाटा अंगठ्याने दाबून बघायचा, नाकाशी धरायचा. सडक्याला हात लागला की राखेत हात चोळायचा आणि मगच चांगल्याला शिवायचे. मला दया येऊन मी एक जरासा मऊ बटाटा चांगल्यांत टाकला, तो तिने उचलून बाहेर काढला. "ह्यो एकटा न्हाई जायचा. धा जणांना घेऊन जाईल."

पहाटेपर्यंत नवी अरण घराच्या उत्तरेच्या भिंतीला लागली. सोळातली तीन पोती गेली होती. हात धुताना डोणीपाशी आम्ही दोघीच होतो. मी रडत होते. मामी हळूच म्हणाली, "खाल्लंस त्याचं काय बी न्हाई, पोरी. भूक लागती. उघडं टाकलंस, त्याचं हाय."

"मामाला सांगू?" मी विचारले.

"सांग की," ती म्हणाली. "पर तू सांग. मी न्हाई सांगायची."

मी सांगितले नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. मग आई बरी झाली आणि मी पुण्याला परतले.

त्या वर्षी पाऊस आला. तेरा पोत्यांचे रान लागले, उरलेल्या सऱ्यांत मामाने घेवडा टोकला. दिवाळीला तो स्वतः एसटीने नव्या बटाट्याचे पोते घेऊन आमच्या घरी आला. वडिलांशी बोलताना म्हणाला, "आणखी आलं असतं दाजी, पर अरणीची जागा चुकली माझी. तीन पोती हकनाक गेली." मी त्याच्यापुढे चिवड्याची बशी ठेवीत होते. तोंडापर्यंत आले होते. बशी ठेवून मी आत निघून गेले.

पुढे जितकी वर्षे मामाने अरण लावली, तितकी वर्षे ती आंब्याखाली लावली नाही. जागा चांगली होती, जवळ होती. तरी तो पोती पाठीवर घेऊन घराला वळसा घालून भिंतीशी नेई. दर उन्हाळ्यात मी ते पाहत होते. मामेभाऊही पाहत होता. मामीही. १९९४ साली मामा गेला. जागा चुकली नव्हती, हे त्याला शेवटपर्यंत कुणी सांगितले नाही.

आता खरे तर बेण्यासाठी अरण लावण्याचे दिवसही मागे पडले. त्याला कारण आहे आणि ते न्याय्य आहे. बटाट्याला मावा नावाच्या किडीमुळे विषाणूंचे रोग जडतात आणि घरचेच बेणे वर्षानुवर्षे वापरले की पीक खंगत जाते. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने कुफरी ज्योती, कुफरी चंद्रमुखी यांसारख्या जाती दिल्या, आणि मावा कमी असतो त्या दिवसांत मैदानी प्रदेशातही निरोगी बेणे पिकवण्याची रीत बसवून दिली. मामानेही पुढे पंजाबचे बेणे घ्यायला सुरुवात केली आणि त्याचे पीक वाढले. मामी मात्र खाण्यापुरती एक लहानशी अरण लावीत राहिली. पठारावर आजही काही शेतकरी भाव पडला की बटाटा अरणीत ठेवतात. काढणीच्या दिवशी मिळेल त्या भावाला माल देण्यापेक्षा महिना-दोन महिने थांबण्याची ताकद त्यामुळे हाती राहते.

असो. मैत्रिणींनो, तुमच्या स्वयंपाकघरात अरण लावायची गरज नाही, पण तिचे नियम तिथेही लागू आहेत. बटाटा अंधारात आणि वाऱ्यावर ठेवा. बांबूची टोपली किंवा गोणपाट उत्तम, प्लॅस्टिकची बंद पिशवी वाईट. त्याला श्वास कोंडून चालत नाही. फार उकाड्यात हवा मिळाली नाही तर बाहेरून धडधाकट दिसणारा बटाटा आतून काळा निघतो. कांद्याच्या टोपलीत त्याला घालू नका. आठवड्यातून एकदा टोपली पालथी करून निवडा आणि मऊ पडलेल्याची दया करू नका. कोंब आले पण बटाटा घट्ट असेल तर कोंब आणि डोळे खोल काढून तो खायला हरकत नाही. सुरकुतलेला, मऊ किंवा हिरवा पडलेला मात्र टाकून द्या. हिरवेपणाबरोबर येणारे विष शिजवूनही जात नाही.

आणि चिवड्याचे म्हणाल तर कोवळ्या सालीचा नवा बटाटा किसाला घेऊ नका, त्यात पाणी फार. घट्ट, जुना बटाटा दिवाळीच्या दोन-तीन आठवडे आधीच आणा आणि फ्रिजबाहेर, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. उबेत राहिला की त्याची साखर पुष्कळशी उतरते. कीस दोन-तीन पाण्यांतून धुऊन, फडक्यावर कोरडा करून मगच तळा. यंदा उशीर झाला असेल तर निदान धुण्यात कुचराई करू नका.

ज्या मैत्रिणीने निकाल मागितला होता, तिने हे सासूबाईंना जरूर वाचून दाखवावे. मात्र बटाटे फ्रिजमध्ये तिनेच ठेवले असतील, तर तेही सांगून टाकावे. दिवाळीचा दिवस आहे, सासूबाई फार रागावणार नाहीत. आणि रागावल्या तरी ते त्या दिवशीच संपेल.